कोकमाची लागवड: कलम मादीचे, काढणी पावसाआधी



रेडिओवरच्या कोकमाच्या बोलण्यानंतर बऱ्याच श्रोत्यांनी माहिती लेखी मागितली, म्हणून हे पत्रक. घरात मोठ्याने वाचून दाखवावं आणि मग नीट जपून ठेवावं. यातली काही कामं जूनमध्ये येतात, काही थंडीत आणि काही मे महिन्यात.

कोकम आपल्याला नवं नाही. कोणी त्याला रातांबा म्हणतं, कोणी भिरंड. सुकवलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोलं, मिठातला रस म्हणजे आगळ, आणि बियांचं तेल म्हणजे भिरंडेल. एवढी नावं ज्या झाडाला आहेत ते झाड घरात किती मुरलेलं असेल! पण बागायतीचा विषय निघाला की आपण आंबा-काजूवर बोलतो. रातांबा राहतो वहाळाच्या कडेला, कोणी न लावता उगवलेला. मे अखेरीस त्याच्याखाली लाल सडा पडतो, वर पाऊस येतो आणि माल कुजून जातो. हे नुकसान आपल्याच घरचं आहे. ते कसं टाळायचं, आणि नवीन झाड लावताना कुठे फसगत होते, हे या पत्रकात सांगितलं आहे.

झाडाचा स्वभाव आधी ओळखा

कोकम हे सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातलं झाड. कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी आणि खाली केरळपर्यंत ते आपोआप उगवतं. देवराईत, पऱ्याच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत ते हमखास दिसतं. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली छापलेल्या पुस्तकात या आंबट फळाची नोंद केली आहे. म्हणजे साल सुकवून ठेवण्याची आपली रीत निदान साडेचारशे वर्षांची तरी आहे.

झाड १० ते १५ मीटर उंच जातं. खाली रुंद, वर निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या. कोवळी पालवी तांबूस आणि जून पान गर्द हिरवं. वाढ मात्र सावकाश. जंगलात मोठ्या झाडाखाली वाढायची सवय असल्यामुळे लहानपणी त्याला कडक ऊन सोसत नाही. उघड्या कातळावर रोप लावलं आणि मार्च महिन्यात करपलं, तर ‘कोकम आमच्या जमिनीत होत नाही’ असं म्हणू नका. बहुतेक वेळा जमिनीचा दोष नसतो, सावली दिलेली नसते.

पाण्याचा निचरा होणारी जांभी जमीन, डोंगरउताराची माती, नदीकाठची गाळाची माती, सगळी त्याला चालते. पाणी साचून राहणारी जागा तेवढी टाळावी.

नर आणि मादी: खरी मेख इथेच आहे

पपईत जसं नर आणि मादी झाड वेगळं असतं, तसंच कोकमात असतं. फळ धरतं मादी झाडाला. नर झाड नुसतं फुलतं. क्वचित एखाद्या झाडावर दोन्ही प्रकारची फुलं सापडतात, पण त्यावर विसंबून राहू नये.

बी लावून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, निम्मी मादी. आणि रोप बघून कोणालाही ते ओळखता येत नाही. बियांच्या रोपाला पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. आता हिशेब करा. तुम्ही हौसेने २० रोपं लावलीत, कुंपण केलंत, उन्हाळ्यात पाणी घातलंत, सात वर्षं वाट पाहिलीत. त्यातली दहाएक झाडं कधीच फळ देणार नाहीत. सात वर्षांचे कष्ट परत मिळत नाहीत. म्हणून बियांच्या रोपांची बाग करू नये.

फुलावरून झाड कसं ओळखावं

कोकम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान फुलतं. तेव्हा झाडाखाली उभं राहून फूल हातात घ्या.

नर फुलं झुबक्याने येतात. फुलाच्या मधोमध पिवळसर पुंकेसरांचा दाट गोळा असतो. फूल उघडून पाहिलं तरी फळाची गाठ सापडत नाही. ही फुलं पुष्कळ येतात आणि झाडाखाली त्यांचा सडा पडतो.

मादी फूल एकटं किंवा दोन-तीनच्या गटात येतं. मधोमध छोटी हिरवी गोल गाठ स्पष्ट दिसते. तीच पुढे रातांबा होते.

या थंडीत एक काम कराच. आपल्या जागेतल्या प्रत्येक कोकमाच्या झाडावर चुन्याने खूण करा. मादीला एक पट्टा, नराला दोन. वहीत क्रमांक लिहा. पुढे मे महिन्यात कोणत्या मादीचं फळ लवकर पिकलं, कोणाची साल जाड निघाली, किती टोपल्या मिळाल्या, हे त्याच पानावर मांडा. दोन-तीन वर्षांची अशी वही घरात असेल तर डोळकाडी कोणत्या झाडाची घ्यावी हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

नर झाड तोडू का?

‘वांझ झाड आहे, जागा अडवतं, तोडून टाकतो,’ असं गावोगाव ऐकू येतं. थोडं थांबा. मादीला फळ धरायचं तर पराग नराकडूनच येतो. परिसरातले सगळे नर तोडले तर मादीवर फूल येईल, पण फळधारणा घटेल. दहा झाडांत एक नर असावा असा साधा नियम ठेवा. तो शक्यतो मध्यभागी असावा. जास्तीचे नर असतील तर तेवढेच कमी करावेत, तेही फुलावरून दोन हंगाम खात्री करून घेतल्यावर.

कलमच का?

कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, दुसऱ्याच्या मुळावर बसवलेली. मादी झाडाची काडी बसवली तर कलम मादीच होणार. आईच्या फळाचा आकार, सालीची जाडी, पिकण्याची वेळ, सगळं त्यात उतरतं. शिवाय कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ दिसू लागतं. म्हणजे खात्री होते आणि तीन वर्षं वाचतात.

कोकमात कोवळ्या खुंटावर मृदुकाष्ठ पद्धतीने कलम बांधतात. खुंटासाठी बी ताजं हवं. रातांब्याचं बी सुकवून ठेवलं की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. गर धुवून काढून बी लगेच पेरावं.

काडी निवडताना एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कोकमात सरळ वर जाणारा शेंडा आणि आडवी फांदी यांचा स्वभाव वेगळा असतो. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम आडवंच पसरत जातं, झुडपासारखं होतं. सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड उभं वाढतं. आडव्या वाढणाऱ्या कलमालाही फळ येतं, पण त्याला काठीचा आधार द्यावा लागतो आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या लागतात.

रोपवाटिकेतून कलम घेताना तीन प्रश्न विचारा. मातृवृक्ष कोणता? काडी मादीची आहे ना? जोड पूर्ण भरून आला आहे का? पिशवीच्या तळाशी मुळं गुंडाळलेली कलमं नाकारा. स्वस्त मिळतात म्हणून बियांची रोपं ‘कलम’ सांगून गळ्यात मारून घेऊ नका. खोडावर जोडाची खूण दिसलीच पाहिजे.

सुधारित जाती

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दोन जाती दिल्या आहेत.

कोकण अमृता (१९९७): फळ मध्यम, साल जाड. सर्वांत मोठा गुण म्हणजे फळ लवकर तयार होतं, त्यामुळे बहुतेक माल पावसाआधी हातात येतो.

कोकण हातीस (२००६): फळ मोठं, उत्पन्न चांगलं.

ज्याच्याकडे मे महिन्यात मनुष्यबळ कमी आणि वळीव लवकर येतो, त्याने अमृताला पहिली पसंती द्यावी. दोन्ही जाती लावल्या तर काढणीचं काम विभागलं जातं. दहात एक नर मात्र विसरू नका. नराचं कलमही मिळतं. जवळच जंगली नर असेल तर वेगळा लावायला नको.

लागवड

दोन झाडांत आणि दोन ओळींत ६ मीटर अंतर ठेवावं. या हिशेबाने एकरात सुमारे ११० झाडं बसतात, त्यांत ११ नर. नारळ-सुपारीच्या जुन्या बागेतही मोकळ्या जागी कोकम चांगलं येतं. तिथे सावली आयती मिळते आणि माडाचं पाणी त्यालाही पोचतं.

एप्रिल-मेमध्ये ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा काढून उन्हात तापू द्यावा. पावसाच्या तोंडावर वरची चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून तो भरावा. जूनचा पहिला जोर ओसरून माती बसली की कलम लावावं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. काठीचा आधार द्यावा. जोडाच्या खालून फुटणारी फूट दिसताच खुडावी. ती खुंटाची फूट असते. तिला वाढू दिलं तर वरची मादी काडी मरते आणि खाली जंगली रोप उरतं, तेही नर की मादी ठाऊक नसलेलं.

पहिली दोन वर्षं तीन कामं चुकवू नका:

१. ऑक्टोबर सरला की नारळाच्या झावळांची सावली करावी, दक्षिण-पश्चिमेकडून नक्की.

२. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोनदा पाणी घालावं.

३. गुरांपासून आणि वणव्यापासून राखण करावी. काजूच्या राईजवळ बाग असेल तर डिसेंबर-जानेवारीतच भोवतालचं गवत कापून दोन-तीन मीटर पट्टा साफ करावा.

खत

पहिल्या वर्षी प्रत्येक झाडाला २ किलो शेणखत, ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद आणि २५ ग्रॅम पालाश द्यावं. बाजारच्या खतांत सांगायचं तर सुमारे ११० ग्रॅम युरिया, १५५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दरवर्षी तेवढीच वाढ करत जावी. दहाव्या वर्षी २० किलो शेणखत, १ किलो १०० ग्रॅम युरिया, दीड किलोवर सुपर फॉस्फेट आणि ४०० ग्रॅम पोटॅश होईल. पुढे तेच प्रमाण कायम ठेवावं. पावसाचा मोठा जोर कमी झाल्यावर, ऑगस्टमध्ये, फांद्यांच्या घेराखाली चर काढून खत द्यावं आणि मातीने झाकावं. उघड्यावर टाकलेला युरिया पाण्याबरोबर वहाळात जातो, झाडाला मिळत नाही.

कोकमावर रोग-किडीचा मोठा उपद्रव सहसा होत नाही. त्यामुळे फवारणीचा खर्च जवळजवळ नाही.

काढणी: पावसाशी शर्यत

फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं. एकाच झाडावर हिरवी, तांबूस आणि गडद लाल फळं एकत्र असतात. म्हणून एकदाच झाड झोडपून काढणं बरोबर नाही. पिकेल तसं सहा-सात वेळा उतरावं. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी पसरली म्हणजे फळाला माती लागत नाही आणि वेचणीचा वेळ वाचतो. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून वर चढण्यापेक्षा आकडी वापरा.

आपण समजतो की पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर येणार. पण २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात पोचला. ज्यांनी ‘अजून दहा दिवस आहेत’ म्हणून फळ झाडावर ठेवलं, त्यांची वाळवण ओली झाली. म्हणून १५ मे ही तारीख मनात धरावी. त्याआधी जितकं उतरेल तितकं आमसुलासाठी वाळवावं. त्यानंतरच्या फळासाठी ऊन भरवशाचं नाही. त्याचं आगळ किंवा अमृत कोकम करावं, कारण त्याला ऊन लागत नाही.

एवढा एक बदल केला तरी जे फळ दरवर्षी मातीत जातं, त्यातलं पुष्कळ घरात येईल.

फळाचं काय काय करावं

उतरवलेलं फळ चार-पाच दिवसांत वापरावं. फळाच्या वजनात साधारण निम्मी साल निघते. कोकमाचं आम्ल तीव्र असतं, म्हणून तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम यांची भांडी वापरू नयेत. स्टील, चिनीमातीची बरणी किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीचं प्लॅस्टिकचं पिंप वापरावं.

आमसूल: फळं धुवून, फोडून, साल वेगळी करावी. गर आणि बिया एका भांड्यात घेऊन त्यात मीठ घालावं. दहा किलो सालीला साधारण एक किलो जाडं मीठ. या खारट रसात साली रात्रभर भिजवाव्यात, सकाळी उन्हात घालाव्यात, संध्याकाळी परत रसात. असं चार-पाच वेळा केलं की साल काळसर, मऊ आणि चकचकीत होते. जमिनीवर वाळवू नका, मांडवावर स्वच्छ कापड घालून वाळवा. धुळीने आणि वाळूने माल एकदम खालच्या प्रतीत जातो.

आगळ: एक किलो ताज्या सालीला १६० ग्रॅम मीठ लावून बरणीत भरावं. रोज दोनदा लाकडी चमच्याने ढवळावं. आठवड्याने रस गाळून बाटल्यांत भरावा. मीठ कमी घातलं तर रस फसफसतो, म्हणून मिठात काटकसर नको. सोलकढी करताना वरून मीठ घालू नये.

अमृत कोकम: एक किलो सालीला दोन किलो साखर. बरणीत एक थर सालीचा, एक थर साखरेचा. वर साखर यावी. सात-आठ दिवसांत साखर विरघळून दाट लाल पाक सुटतो. गाळून, चवीला जिरेपूड आणि मीठ घालून बाटल्या भराव्यात. पिताना एक भाग पाकाला पाच-सहा भाग पाणी.

भिरंडेल: बिया फेकू नका. धुवून कडकडीत वाळवाव्यात. त्यांत शेकडा २३ ते २६ स्निग्धांश असतो. वरचं टरफल काढून, आतला मगज वाटून पाण्यात उकळला की तेल वर येतं आणि थंड झाल्यावर घट्ट होतं. मग हाताने गोळे वळतात. भेगाळलेल्या टाचांवर आजी लावते तेच हे. साबण आणि सौंदर्यप्रसाधनं करणाऱ्यांनाही ते हवं असतं. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर मर्यादित प्रमाणात वापरायला ज्या सहा वनस्पतींच्या तेल-तुपांना मान्यता दिली, त्यांत आपलं कोकम आहे. म्हणजे आपण उकिरड्यावर टाकतो त्या बीला गिऱ्हाईक आहे. गावच्या महिला बचत गटाने बिया एकत्र केल्या तर विकण्याजोगा साठा होतो.

श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे एकच कोकमाचं झाड आहे. फुलतं पण फळ धरत नाही. काय करावं?
उत्तर: आधी फूल पाहा. नराचं असेल तर फळ येणारच नाही. मादीचं असेल तर आसपास नर आहे का ते शोधा. नसेल तर एक नराचं कलम जवळ लावा.

प्रश्न: घाटावर लावता येईल का?
उत्तर: ज्या भागात पाऊस भरपूर आणि हवा दमट, तिथे प्रयत्न करावा. कोरड्या उष्ण वाऱ्याच्या मुलखात पैसे गुंतवू नका.

प्रश्न: अमृत कोकमाच्या बाटलीवर ‘वजन उतरतं, पित्त जातं’ असं छापू का?
उत्तर: छापू नये. सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि त्यावर औषधी दावे बरेच केले जातात, पण आपण अन्नपदार्थ विकतो, औषध नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. तयार केल्याची तारीख आणि घटक ठळक लिहावेत.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै: लागवड, खुंटाची फूट खुडणे.
ऑगस्ट: खत.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: लहान झाडांना सावली, आळ्यात पालापाचोळा.
नोव्हेंबर-फेब्रुवारी: फुलावरून नर-मादी ओळखून चुन्याची खूण. गवत कापून वणव्यासाठी पट्टा.
मार्च: लहान कलमांना पाणी, बरण्या-पिंपांची स्वच्छता, मीठ-साखरेची तजवीज.
एप्रिल ते १५ मे: काढणी, आमसूल.
१५ मे नंतर: आगळ, अमृत कोकम. खुंटासाठी ताजं बी पेरणे.

थोडक्यात ध्यानात ठेवा

बियांच्या रोपांची बाग करू नका. कलम मादीचं, आणि दहात एक नर. पहिली दोन वर्षं सावली. १५ मे नंतर उन्हावर भरवसा नको. बी फेकू नका.

कोणतंही मोठं भांडवल न घालता यंदाच सुरू करता येईल असं काम म्हणजे झाडांवरची चुन्याची खूण आणि वही. ते या थंडीत करा. काय आढळलं ते पोस्टकार्डावर किंवा आपल्या कृषी सहायकाकडे कळवा. पुढच्या हंगामाच्या कार्यक्रमात आपल्या नोंदींवर बोलू.

राम राम मंडळी.